बेस क्लॉक वाढवला की रॅमचा वेग का बदलतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कोअर २ क्वाड क्यू६६०० असलेल्या जुन्या मशीनवर तुम्ही ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने मशीन चालवणं, शिकताय. रॅम म्हणजे डीडीआर२-८०० च्या दोन स्टिक, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) रॅमचा वेग ऑटोवरून काढून ८०० केलेला होता. मग एफएसबी (फ्रंट साइड बस, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याचा क्लॉक) २६६ चा ३३३ केला, बाकी कशालाच हात लावला नाही, सेव्ह करून बाहेर पडलात. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला, स्क्रीन काळीच राहिली. जंपर लावून बायोस पूर्ववत केल्यावर मशीन सुरू झालं. त्यावरून ‘माझ्या प्रोसेसरला ३ गिगाहर्ट्झ झेपत नाही’ असं तुम्ही ठरवलंत. शिवाय सीपीयू-झेड या वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रॅमसमोर ४०० दिसतं, तेव्हा रॅम अर्ध्याच वेगाने चालते का, ही शंका. आणि पुढे नवं मशीन घ्याल तेव्हा यातलं काय कामाला येईल, हेही विचारलंय.

प्रोसेसरला दोष देऊ नका. ३ गिगाहर्ट्झ ही क्यू६६०० साठी अवघड जागा मुळीच नाही. अडली ती रॅम. तुमच्या नकळत ती १००० वर गेली होती.

रॅमचा वेग ही बायोसमध्ये लिहून ठेवलेली स्वतंत्र संख्या नसते. तो एका गुणाकाराचं उत्तर असतो. बोर्डावर एक मूळ क्लॉक म्हणजे बेस क्लॉक असतो (तुमच्या मशीनवर तो एफएसबी) आणि त्याला ठरावीक प्रमाणाने गुणून किंवा भागून बाकीचे वेग निघतात: प्रोसेसरचा, रॅमचा, आणि काही बोर्डांवर इतरही भागांचे. तुम्ही ८०० निवडलंत तेव्हा बोर्डाने ८०० हा आकडा साठवला नाही, २:३ हे प्रमाण साठवलं. २६६ गुणिले ३, भागिले २, म्हणजे ४००, आणि त्याची दुप्पट ८००. एफएसबी ३३३ झाला तरी प्रमाण तेच राहिलं, म्हणून उत्तर बदललं: ३३३ गुणिले ३, भागिले २, म्हणजे ५००, दुप्पट १०००. डीडीआर२-८०० च्या साध्या स्टिकने १००० ला नकार दिला यात तिचं काही चुकलं नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. बायोसमध्ये जा, एफएसबीच्या ओळीत ३३३ टाइप करून एंटर दाबा, पण सेव्ह करू नका. तसंच खाली येऊन रॅमच्या वेगाची यादी उघडा. २६६ असताना जिथे ५३३, ६६७, ८०० असे आकडे होते, तिथेच आता ६६७, ८३३, १००० असे आकडे दिसतील. पर्याय तेच आहेत, फक्त त्यांची नावं बदलली. काही बोर्ड आकडे न दाखवता थेट १:१, ४:५, २:३ असे रेशो दाखवतात, काहींवर २.००, २.५०, ३.०० असे मल्टिप्लायर असतात. गणित एकच आहे: २६६ ला ३.०० ने गुणलं की ८००. आकडे दाखवणारा बोर्ड वापरायला सोपा वाटतो, पण शिकणाऱ्याला मी रेशो दाखवणारा बोर्डच जास्त चांगला म्हणेन, कारण त्यात काय कशावर अवलंबून आहे ते लपत नाही.

आता ४०० आणि ८०० चं कोडं. तुमची रॅम अर्ध्या वेगाने चालत नाही. डीडीआर या नावातच डबल डेटा रेट आहे. क्लॉकची लाट वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, अशी एका क्लॉकमध्ये दोनदा माहिती पाठवली जाते. खरा क्लॉक ४०० मेगाहर्ट्झ, सेकंदाला पाठवण्या ८०० दशलक्ष. सीपीयू-झेड खरा क्लॉक दाखवतो, खोक्यावर आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दुप्पट आकडा असतो. डीडीआर४-३२०० ला सीपीयू-झेड १६०० दाखवेल, डीडीआर५-६००० ला ३०००. स्टिकवर पीसी२-६४०० असंही लिहिलेलं असेल, तो तिसराच हिशोब: ८०० पाठवण्या गुणिले प्रत्येक वेळचे ८ बाइट, म्हणजे सेकंदाला ६४०० मेगाबाइट.

एफएसबीच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण इंटेलचा तो जुना एफएसबी एका क्लॉकमध्ये चार वेळा माहिती पाठवायचा. म्हणून क्यू६६०० च्या खोक्यावर १०६६ छापलेलं असतं आणि बायोसमध्ये २६६ दिसतं. १०६६ आणि ८०० शेजारी ठेवून ‘माझा रेशो ४:३ आहे, रॅम मागे पडतेय’ असा निष्कर्ष काढणारे मी खूप पाहिलेत. रेशो काढताना दोन्हीकडचे खरे क्लॉक घ्यायचे, २६६ आणि ४००. तसं केलं की दिसतं, रॅम उलट पुढे आहे.

यातूनच एक गोष्ट निघते, जी मला स्वतःला उशिरा कळली. ३३३ च्या एफएसबीवरून सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते? ३३३ गुणिले ४ गुणिले ८ बाइट, म्हणजे सुमारे १०.७ गिगाबाइट. आणि १:१ रेशोवर, म्हणजे डीडीआर२-६६७ वर, दोन चॅनलमध्ये बसवलेल्या दोन स्टिक मिळून किती देतात? ६६७ गुणिले ८ गुणिले २, पुन्हा १०.७ गिगाबाइटच. रॅम १००० वर नेली तरी प्रोसेसरकडे जाणारा रस्ता तेवढाच रुंद आहे. त्या काळच्या मशीनवर १:१ ला ‘कमी’ समजून रॅम वर नेण्यासाठी जीव काढणं फारसं फळाला येत नाही. रॅम वेगाने चालल्याने उत्तर यायला लागणारा वेळ थोडा कमी होतो, तेवढाच काय तो लाभ. प्रोसेसरचे ६०० मेगाहर्ट्झ मिळत असतील तर त्यांच्यासाठी रॅमचा हा थोडासा लाभ मी बेलाशक सोडून देईन.

तुमची रॅम १००० ला का अडली, हेही नीट समजून घ्या, कारण तिच्यावर एकाच वेळी दोन मागण्या आल्या होत्या. स्टिकवर ५-५-५ असं टायमिंग असतं. ते सेकंद नव्हेत, क्लॉकची संख्या आहे. पहिला आकडा म्हणजे सीएल: ‘या कॉलममधलं दे’ म्हटल्यावर पहिला डेटा यायला लागणारे क्लॉक. ४०० मेगाहर्ट्झला एक क्लॉक २.५ नॅनोसेकंदांचा, म्हणून ५ क्लॉक म्हणजे १२.५ नॅनोसेकंद. ५०० मेगाहर्ट्झला एक क्लॉक २ नॅनोसेकंदांचा, आणि टायमिंग तुम्ही ५ च ठेवलंत, म्हणजे आता १० नॅनोसेकंदांतच उत्तर हवं. वायरवरचा वेगही वाढला आणि आतल्या पेशींना मिळणारा वेळही कमी झाला. टायमिंग ६-६-६ केलं असतं तर १२ नॅनोसेकंद मिळाले असते आणि कदाचित मशीन सुरूही झालं असतं. रॅमचा क्लॉक बदलताना टायमिंगचे आकडे तसेच ठेवणं म्हणजे ते बदलणंच आहे.

हा नॅनोसेकंदांचा हिशोब मी सगळीकडे करतो, तुम्हीही सवय लावा. सीएल भागिले खरा क्लॉक. डीडीआर-४०० सीएल २ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर२-८०० सीएल ४ म्हणजे १०. डीडीआर४-३२०० सीएल १६, पुन्हा १०. डीडीआर४-३६०० सीएल १८, १०. डीडीआर५-६००० सीएल ३०, तेही १०. इतक्या पिढ्या गेल्या, पण चांगल्या स्टिकचा हा आकडा जवळपास जागचा हललेला नाही. कारण वेग वाढला तो चिपच्या दारावरचा. आतल्या पेशींच्या रांगा तितक्या वेगवान झाल्या नाहीत. डीडीआर एका खेपेत आतून २ तुकडे उचलते, डीडीआर२ ४, डीडीआर३ ८. म्हणून डीडीआर-४००, डीडीआर२-८०० आणि डीडीआर३-१६०० या तिन्हींच्या आतली रांग २०० मेगाहर्ट्झच्याच चालीने चालते. पिढी बदलली की सीएलचा आकडा मोठा दिसतो म्हणून रॅम मंद झाली असं वाटतं, पण तसं काही नसतं.

आता नव्या मशीनकडे येतो, पण वाटेत एक थांबा घ्यावाच लागेल, कारण मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, प्रोसेसरच्या आत गेला आणि गणित बदललं. तुमच्या क्यू६६०० मध्ये तो बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये आहे. एएमडीने २००३ मध्ये आलेल्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये तो प्रोसेसरमध्येच घेतला, आणि तिथे रॅमचा क्लॉक प्रोसेसरच्याच क्लॉकला पूर्णांकाने भागून काढला जायचा. पूर्णांक हा शब्द महत्त्वाचा आहे. एएम२ सॉकेटचा २.६ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ ५०००+ घ्या. डीडीआर२-८०० साठी ४०० हवेत, २६०० भागिले ४०० म्हणजे ६.५. साडेसहाने भागता येत नाही, आणि ६ ने भागलं तर रॅम मर्यादेच्या वर जाते, म्हणून कंट्रोलर ७ घ्यायचा. २६०० भागिले ७, म्हणजे ३७१. मी अशा मशीनवर एक अख्खी संध्याकाळ स्टिक काढून घालून, स्लॉट बदलून, रबराने संपर्क पुसून घालवली आहे, कारण सीपीयू-झेड ४०० ऐवजी ३७१ दाखवत होता आणि मला स्टिक खराब वाटत होती. स्टिक उत्तम होती. कागदावर एक भागाकार केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. त्या पिढीत नुसता मल्टिप्लायर बदलला तरी रॅमचा वेग हलायचा, हे तिचं वेगळेपण.

इंटेलने कंट्रोलर प्रोसेसरमध्ये घेतला तो नेहालेमपासून, म्हणजे २००८ च्या अखेरीस आलेल्या कोअर आय७-९२० पासून. एफएसबी गेला, त्याच्या जागी १३३ मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक आला. प्रोसेसर १३३ गुणिले २०, रॅम १३३ गुणिले ८ किंवा १०, असे दोन स्वतंत्र मल्टिप्लायर. बेस क्लॉक २०० केला की प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झ, आणि रॅमचा मल्टिप्लायर ८ वर असेल तर १०६६ ची १६०० होते. तुमच्या मशीनवर जे घडलं तेच इथेही घडतं, फक्त शब्द वेगळे.

२०११ च्या सँडी ब्रिजने हा खेळ जवळपास संपवला. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा झाला आणि त्याच एका क्लॉकला पीसीआय एक्सप्रेस, सेटा, सगळंच बांधलं गेलं. तो थोडा वाढवला तरी डिस्क आणि ग्राफिक्स कार्डच्या जोडण्या बिघडायला लागत, त्यामुळे तीन-चार टक्क्यांच्या पुढे जाण्यात अर्थ उरला नाही. तिथून पुढे प्रोसेसरचा वेग वाढवायचा तो के मालिकेच्या खुल्या मल्टिप्लायरने. आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मुख्य उत्तर इथे आहे: आजच्या मशीनवर नुसता कोअरचा मल्टिप्लायर वाढवला तर रॅम जागची हलत नाही. बेस क्लॉकला हात लावलात तरच हलते. १०० चा १०२ केलात की ३२०० ची ३२६४ होईल. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण रॅम आधीच तिच्या शेवटच्या टोकावर चालत असेल तर तेवढ्याने मशीन सुरू व्हायचं थांबतं.

आजच्या इंटेल बोर्डांवर रॅमसाठी १०० आणि १३३ असे दोन पाये निवडायला मिळतात. ३२०० हा आकडा १०० गुणिले ३२ असाही होतो आणि १३३.३३ गुणिले २४ असाही. ३४०० हवे असतील तर १०० च्या पायावरच जावं लागतं, ३४६६ साठी १३३ च्या. एखादा वेग एका पायावर स्थिर चालतो आणि जवळचा दुसरा वेग दुसऱ्या पायावर अडतो असंही दिसतं, म्हणून एक अडला की दुसरा करून बघायचा. आणि प्रोसेसर व बोर्ड घेताना एक पाहून घ्या: इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीत झेड मालिकेखेरीजच्या साध्या बोर्डांवर रॅम अधिकृत वेगाच्या वर नेताच येत नव्हती. २०२१ च्या बी५६० पासून ती मोकळीक मिळाली.

एएमडीच्या रायझनमध्ये खरी मेख आहे, आणि तिच्यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण ‘जास्त आकडा म्हणजे जास्त वेग’ ही समजूत तिथे सपशेल खोटी ठरते. या प्रोसेसरमध्ये तीन क्लॉक एकमेकांच्या हातात हात घालून चालतात: रॅमचा क्लॉक, मेमरी कंट्रोलरचा क्लॉक, आणि प्रोसेसरच्या आतले तुकडे जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा क्लॉक. २०१७ च्या पहिल्या रायझनमध्ये फॅब्रिक रॅमच्या क्लॉकलाच बांधलेलं होतं. रॅम २१३३ वर ठेवली की फॅब्रिकही १०६७ वर रांगायचं, आणि अख्खा प्रोसेसर मंद वाटायचा. तिथे रॅमचा वेग वाढवणं म्हणजे प्रोसेसरचाच एक भाग ओव्हरक्लॉक करणं होतं.

रायझनच्या २०१९ च्या झेन २ पिढीमध्ये फॅब्रिक वेगळं करता येऊ लागलं. डीडीआर४-३६०० पर्यंत तिन्ही क्लॉक १८०० वर एकत्र चालतात. त्याच्या पुढे गेलात आणि हाताने काही ठरवलं नाहीत, तर बोर्ड कंट्रोलरचा क्लॉक रॅमच्या निम्म्यावर आणतो. माझ्याकडच्या रायझन ५ ३६०० वर मी हे मोजून पाहिलं. ३६०० सीएल १६ ला रॅमपर्यंत जाऊन यायला ७० नॅनोसेकंदांच्या आसपास लागत होते. उत्साहाने ४००० केलं, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आनंद वाटला. मोजलं तर ८० च्या घरात. आकडा अकरा टक्क्यांनी वाढला आणि रॅम प्रोसेसरपासून लांब गेली. खेळांमध्ये फ्रेमही कमी झाल्या. परत ३६०० वर आलो आणि तिथेच राहिलो.

रायझन ७००० म्हणजे २०२२ पासून डीडीआर५ आली. तिथे फॅब्रिक साधारण २००० वर वेगळंच चालतं, त्याची रॅमशी बरोबरी साधायची गरज नाही. मात्र कंट्रोलर आणि रॅम यांची १:१ जोडी टिकवायची असते, आणि ती बहुतेक प्रोसेसरवर ६००० पर्यंत निर्धास्त टिकते. ६००० ची शिफारस सगळीकडे दिसते ती याच कारणाने. इंटेलकडे हीच गोष्ट गिअर या नावाने आहे: गिअर १ मध्ये कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने, गिअर २ मध्ये निम्म्याने. ती २०२१ च्या अकराव्या पिढीपासून आली. डीडीआर४ असेल तर गिअर १ मध्ये ३६०० ही मी चांगली जागा मानतो. डीडीआर५ गिअर २ मध्येच चालते असं धरून चाला, तिथे आकडा पुरेसा मोठा असल्याने निम्म्याचं नुकसान भरून निघतं.

सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर एफएसबी:डीरॅम अशी ओळ अजूनही असते. रायझनवर ३२०० ला तिथे ३:४८ दिसतं. १०० ला ३ ने भागून ४८ ने गुणा, १६०० येतात. नाव जुनं, पण तुमचा आजचा प्रश्न आणि ती ओळ एकच आहे.

रॅमच्या खोक्यावरच्या आकड्याबद्दल. स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणित वेगांचा तक्ता लिहिलेला असतो आणि बोर्ड ऑटोवर तोच वाचतो. डीडीआर४-३६०० म्हणून विकलेली स्टिक नवीन बोर्डावर २१३३ किंवा २६६६ ला उठते, कारण ३६०० हा प्रमाणित तक्त्यात नसून एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो. एक्सएमपी इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ सोबत आणलं, एएमडीचं एक्सपो २०२२ मध्ये आलं. ते चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे: डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२, एक्सएमपीमध्ये बहुधा १.३५. स्टिक त्या वेगाला तपासलेली असते, पण तुमच्या प्रोसेसरमधला कंट्रोलर आणि तुमच्या बोर्डावरच्या वायरी त्या वेगाला कुणी तपासलेल्या नसतात. चार स्टिक लावल्या की भार आणखी वाढतो. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे आणि चार स्टिकना फक्त ३६००. म्हणून नवं मशीन घेताना हव्या तेवढ्या क्षमतेच्या दोनच स्टिक घ्या. नंतर आणखी दोन टाकू, हा बेत वेगाच्या मुळावर येतो.

आता काम कसं करायचं. जुनं मशीन असो वा नवं, मी प्रोसेसर आणि रॅम कधीच एकत्र ताणत नाही. आधी रॅमचा रेशो मुद्दाम खाली आणतो, इतका की बेस क्लॉक वाढल्यावरही रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाच्या आतच राहील. टायमिंग हाताने लिहून कायम करतो. ऑटोवर ठेवलं की बोर्ड प्रत्येक वेगाला वेगळं काहीतरी निवडतो आणि मग काय बदलल्याने काय झालं ते कळत नाही. मग फक्त प्रोसेसर. तो पक्का झाला की त्याला पूर्ववत करून फक्त रॅम. दोन्ही मर्यादा कळल्यावर शेवटी दोघांना एकत्र. यात एखादा दिवस जास्त जातो, पण चूक आली तर ती कुणाची ते ठाऊक असतं. प्राइम९५ या ताण देऊन तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हा भेद पाळता येतो: ‘लहान एफएफटी’ ही चाचणी बहुतेक सगळी प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्ये बसते, म्हणून तिथे आलेली चूक कोअरची. तिथे तासन्‌तास ठीक चाललं आणि रॅमवरही ताण देणाऱ्या ‘ब्लेंड’ चाचणीत अडलं, तर रॅम, कंट्रोलर किंवा त्यांचं व्होल्टेज बघा.

विंडोज सुरू झालं म्हणजे रॅम स्थिर, असं कृपया मानू नका. एका मशीनवर माझी रॅम तीन आठवडे ‘नीट’ चालली होती. एकदाही मशीन बंद पडलं नाही. मग जुन्या फोटोंचे झिप करून ठेवलेले फोल्डर उघडायला गेलो, आणि त्यातले दोन सीआरसीची (आतली माहिती बिघडल्याची) चूक दाखवून उघडायलाच तयार होईनात. मूळ फोटो मी झिप केल्यावर काढून टाकले होते. रात्री मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपलो. सकाळी पडद्यावर एकच लाल ओळ होती, सहाव्या तासात आलेली, एका पत्त्यावरचा एक बिट उलटलेला. एक बिट, सहा तासांत एकदा, तेवढ्याने दोन वर्षांचे फोटो गेले. कोअरचा ओव्हरक्लॉक चुकला तर बहुधा मशीन तुमच्यासमोर कोसळतं. रॅमचा चुकला तर ती गुपचूप चुकीचं लिहीत राहते आणि तुम्ही ते डिस्कवर साठवत राहता. तेव्हापासून मेमटेस्टची रात्रभराची फेरी झाल्याशिवाय मी त्या मशीनवर माझी एकही फाइल ठेवत नाही. तुम्ही शिकताय तोवर त्या मशीनला महत्त्वाची डिस्क जोडूच नका.

तर तुमच्या क्यू६६०० वर आज रात्री हे करा. एफएसबी ३३३, मल्टिप्लायर ९, रॅमच्या यादीत सगळ्यात खालचा पर्याय, म्हणजे १:१, ६६७. टायमिंग ५-५-५-१५ हाताने. रॅमचं व्होल्टेज स्टिकवर लिहिलेलं असेल तेवढं, लिहिलेलं नसेल तर डीडीआर२ चं प्रमाणित १.८. पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक ऑटोवर न ठेवता १०० वर कायम करा, म्हणजे एफएसबीबरोबर तोही सरकणार नाही. मशीन सुरू होईल. मेमटेस्ट, मग प्राइम९५. हे जमलं की यादीत ५:६ चा पर्याय आहे का बघा: ३३३ गुणिले ६ भागिले ५ म्हणजे बरोबर ४००, तुमची रॅम तिच्या पूर्ण ८०० वर आणि प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर.

त्याच्याही पुढे जायचं असेल तर एफएसबी ४०० आणि रेशो १:१. रॅम ८००, स्टिकवर लिहिलेला वेग, एक मेगाहर्ट्झही जास्त नाही. मल्टिप्लायर ९ ठेवला तर प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झ होतो आणि त्याला चांगला कूलर लागतो. प्रोसेसर जी० स्टेपिंगचा (चिपच्या आवृत्तीचा) आहे की जुन्या बी३ चा तेही सीपीयू-झेडमध्ये बघा; कंपनीने जी० ला ९५ वॅट दिलेत आणि बी३ ला १०५, आणि हा फरक तापमानात जाणवतो. साधा कूलर असेल तर मल्टिप्लायर ९ चा ८ करा, हा प्रोसेसर खाली यायला ना म्हणत नाही. ३.२ गिगाहर्ट्झ, एफएसबी आणि रॅम दोघेही ४०० वर. नॉर्थब्रिजला थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागेल आणि त्याच्या हीटसिंकवर एखादा छोटा पंखा रोखून ठेवा, कारण या बोर्डांवर ४०० च्या एफएसबीला आधी तीच चिप तापते.